वाणात दिलेल्या गोष्टी

‘अलक’ म्हटलं की बऱ्याच जणींना एखाद्या मुलीचं नाव वाटतं. ‘अति लघु कथा’ या तीन शब्दांची पहिली अक्षरं, एवढाच त्याचा अर्थ! गेल्या काही वर्षांत मोबाइलवर आणि दिवाळी अंकांतही या अलका चांगल्याच रुळल्या आहेत. पाच-सहा ओळी, फार तर शंभर शब्द. चहाला उकळी येईपर्यंत वाचून होते, म्हणून लोकांना वाटतं की लिहूनही तेवढ्यातच होत असेल. आमच्या शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, “बरं आहे बाई तुमचं, कागदसुद्धा लागत नाही!”

मैत्रिणींनो, कागद लागतो. भरपूर लागतो. फक्त तो शेवटी दिसत नाही, इतकंच.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. सकाळी डबे, मग शाळेचे चार तास, दुपारी घर, संध्याकाळी दोन शिकवण्या. अशा दिवसात कादंबरी मावत नाही. मला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्याने, डाळ शिजेपर्यंत किंवा एसटीची वाट पाहताना. पण तेवढ्यात गोष्ट ‘लिहून’ होत नाही, बरं का. तेवढ्यात एखादं वाक्य सुचतं किंवा एखादं खोडता येतं. एक गोष्ट कधी तीन आठवडे डोक्यात घोळते, आणि त्या काळात भाजीत मीठ पडलं की नाही हे घरातल्या इतरांनी पाहावं लागतं!

एक उदाहरणच देते. आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. आई-बापांबरोबर पुष्कळदा मुलंही जातात. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की बाकांवर मोकळ्या जागा दिसतात. त्यावर मी प्रथम दीड पान लिहिलं होतं. त्यात कोयता होता, थंडी होती, पाचटाची खोपी होती, आईची मोडलेली कंबर होती. सगळं खरंच होतं. पण वाचताना असं वाटे की ही बाई आता आपल्याला रडवणार. मग एकेक वाक्य काढत गेले. उरलं ते असं :

‘दिवाळीनंतरची पहिली हजेरी. बाईंनी सत्तावीस नंबर पुकारला. कोणी उठलं नाही.
“ऊसतोडीला गेली, बाई,” मॉनिटर म्हणाली. “पण तिनं सांगून ठेवलंय, माझा नंबर कुणाला देऊ नका.”’

बस्स. कोयता, थंडी, खोपी हे वाचणारीला आपोआप दिसतं. (खऱ्या मुलीचा नंबर वेगळा आहे. तेवढं पथ्य पाळायलाच हवं. आपल्या गावात गोष्टीतलं माणूस ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.)

‘एवढंसं लिखाण म्हणजे साहित्य का?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी ‘बनफूल’ यांचं नाव सांगते. यांचं खरं नाव बलाईचंद मुखोपाध्याय. १८९९ साली जन्मलेले हे बंगाली लेखक पेशाने डॉक्टर होते. भागलपूरला त्यांची रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा होती. ती सांभाळून त्यांनी शेकडो कथा लिहिल्या आणि त्यांतल्या कितीतरी जेमतेम पान-अर्ध्या पानाच्या! ‘बनफूल’ म्हणजे रानफूल. हे टोपणनाव त्यांनी शाळकरी वयात घेतलं, मास्तरांना कळू नये म्हणून. मृणाल सेन यांचा १९६९चा ‘भुवन शोम’ हा चित्रपट त्यांच्याच कथेवरचा. आपल्या सुहासिनी मुळे यांचा तो पहिला चित्रपट. मंटोने फाळणीच्या दंगलींवर ‘सियाह हाशिये’ लिहिलं १९४८ मध्ये. त्यातले काही तुकडे दोन-तीन ओळींचेच आहेत, पण वाचून झोप उडते. आणि जपानचे कावाबाता? १९६८चं नोबेल मिळालेले गृहस्थ. ते आपल्या छोट्या कथांना तळहाताएवढ्या कथा म्हणत आणि त्यांनी अशा शंभरावर लिहिल्या. १९७२ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्यांनी स्वतःच्याच गाजलेल्या कादंबरीची थोड्या पानांत मावेल अशी कथा केली. म्हणजे आयुष्यभर लिहून शेवटी पुन्हा खोडायलाच बसले! मराठीत वि. स. खांडेकरांच्या रूपककथा आहेतच. त्यांतला उपदेश मला जरा जास्त वाटतो, पण थोडक्यात सांगायची सवय आपल्याला त्यांनीच लावली.

आता या छोटेपणाचा एक तोटा सांगते. लांब कथा कोणी उतरवून काढत नाही. पाच ओळींची गोष्ट मात्र बोटाच्या एका टोकाने पुढे जाते आणि जाता जाता लेखिकेचं नाव गळतं. माझी हजेरीची गोष्ट मी मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर नावासकट टाकली होती. दोन महिन्यांनी एका कार्यक्रमात पाहुण्यांनी भाषणात ती वाचून दाखवली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेवटी कुणीतरी ‘म्हणून म्हणतो, मुलगी शिकली प्रगती झाली’ असं शेपूट जोडलेलं होतं, आणि लेखक ‘अज्ञात’! चहाच्या वेळी मी जाऊन सांगितलं, ही माझी आहे. “हो का? छान, छान,” असं म्हणून पाहुणे बिस्किटाकडे वळले. नाव गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्या शेपटाचा राग जास्त आला. इतके दिवस खपून काढून टाकलेलं सगळं एका माणसाने एका मिनिटात परत बसवलं होतं.

असं मोठमोठ्यांचंही होतं, उलट्या बाजूने. न वापरलेल्या बाळबुटांची सहा शब्दांची इंग्रजी गोष्ट हेमिंग्वेच्या नावावर जगभर फिरते. ती त्याने लिहिल्याचा पुरावा काही सापडलेला नाही. म्हणजे ज्याचं नाव मोठं त्याला दुसऱ्याची गोष्ट मिळते आणि आपल्यासारखीची असलेलीही जाते.

कायदा आपल्या बाजूने आहे, एवढं लक्षात ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गोष्ट लिहिली की हक्क आपोआप लेखिकेचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे. कलम ५७ तर सांगतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. पण पाच ओळींसाठी कोर्टात कोण जाणार? माझ्या मते नाव टिकवायचा खरा उपाय एकच, कागदावर छापणं.

प्रकाशकांनी “अलकांचं पुस्तक खपत नाही” म्हणून कळवलं, तेव्हा ठरवलं, आपणच काढायचं. आमचे हे हिशोबाला पक्के. त्यांनी वहीत मांडून दाखवलं की चौसष्ट पानांचं पुस्तक, तीनशे प्रती, म्हणजे माझ्या भिशीचे सगळे पैसे जाणार. दुकानदाराने विक्रीवर चाळीस टक्के मागितले. वर गठ्ठे ठेवायला पलंगाखालची जागा, आणि तिथे सासूबाईंचे पापडाचे डबे!

तोडगा सासूबाईंनीच काढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं यावर चर्चा चालली होती. दरवर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे. त्या म्हणाल्या, “तुझ्या गोष्टीच लुटू या की. वाण म्हणजे तरी काय, छोटंसंच असतं!”

मग चौसष्ट पानांचा नाद सोडला आणि फक्त एक फॉर्मा, म्हणजे सोळा पानं, छापली. बारा गोष्टी, मध्ये दोन पिना, वर हळदी रंगाचं कव्हर. पाचशे प्रतींना एकेक अठरा रुपये पडली, किंमत ठेवली पंचवीस. पन्नास प्रती आमच्याच घरी लुटल्या. त्या घेऊन गेलेल्या बायकांपैकी काहींनी आपल्याकडच्या हळदीकुंकवासाठी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे मागवले. रथसप्तमीपर्यंत तीनशे दहा प्रती गेल्या. ह्यांच्या वहीप्रमाणे छपाईचा खर्च त्या दिवशी अजून भरून निघालेला नव्हता. तो चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला निघाला. नफा म्हणाल तर एक बरी साडी येईल इतका. मी कागद आणला.

पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं समाधान आहे. वाणाची पुस्तिका घरात फिरते. नवरा वाचतो, शाळेतली मुलगी वाचते, धुणंभांडी करणाऱ्या मावशी मोठ्याने वाचायला सांगतात. आणि प्रत्येक पानाखाली माझं नाव आहे. प्रत्येक पानाखाली, मुद्दाम. म्हणजे कुणी फोटो काढून पाठवला तरी ते बरोबर जातं.

करून बघणार असाल तर थोडी कामाची माहिती. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. कंटाळा करू नका. पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांचं कंबरडंच मोडलं होतं. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, तिचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर असा ठरला. पंचवीस रुपयांच्या पुस्तिकेला वीस रुपये टपाल परवडत नाही, म्हणून मी दहाच्या खाली प्रती पोस्टाने पाठवतच नाही. एसटीने येणाऱ्या-जाणाऱ्या माहेरवाशिणींच्या पिशवीत टाकते.

सत्तावीस नंबर कारखाना बंद झाल्यावर परत आली. तिला पुस्तिका दिली. तिने पानावरची गोष्ट दोनदा वाचली आणि म्हणाली, “बाई, मॉनिटरचं नाव नाही टाकलं?”

पुढच्या संक्रांतीचा फॉर्मा आता तयार होतोय. नऊ गोष्टी झाल्या. दहावीत एक वाक्य जास्त आहे, पण कोणतं ते अजून सापडत नाही.