टेबलावरचा रेडिएटर आणि कर्जतचा उन्हाळा

खोपोली सोडून बोरघाट चढायला लागले की एप्रिल-मे महिन्यांत एक दृश्य हमखास दिसते. भरलेला ट्रक कडेला उभा, पुढचे झाकण उघडे आणि चालक रेडिएटर निवण्याची वाट पाहत बसलेला. इंजिन बिघडलेले नसते. चढावर त्याला जास्त काम पडते, म्हणजे उष्णता जास्त तयार होते. ट्रकचा वेग कमी असल्याने रेडिएटरमधून जाणारा वारा मात्र कमी पडतो. त्यात बाहेरची हवाच तापलेली. उष्णता तयार होण्याचा वेग ती बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा वाढला की पाणी उकळते.

हेच गणित आता कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागातील काही घरांत टेबलावर मांडले जाऊ लागले आहे. गेम खेळण्यासाठी, व्हिडिओ संपादनासाठी किंवा त्रिमितीय रेखाटनासाठी ताकदवान संगणक स्वतः जुळवायचा आणि तो पाण्याने थंड ठेवायचा, ही हौस मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. पारदर्शक नळ्या, रंगीत पाणी आणि काचेचे कॅबिनेट दिसते देखणे. खर्च मात्र लाखांच्या घरात जातो. त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी या भागाची हवा, पाणी, वीज आणि घरातील माणसे यांचा विचार कागदावर झालेला बरा.

पाणीच का?

पाण्याने संगणक थंड करण्याची कल्पना नवी नाही. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवलेले होते. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही चिपच्या थेट संपर्कातून उष्णता द्रवाकडे नेणारी पद्धत वापरली आहे.

कारण साधे आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता तेवढ्याच वजनाच्या हवेच्या सुमारे चौपट असते. शिवाय हवा अतिशय विरळ असते. ७०० वॅट उष्णता वाहून न्यायची आहे आणि वाहकाचे तापमान दहा अंशांनीच वाढू द्यायचे आहे, असे समजू. त्यासाठी मिनिटाला एक लिटर पाणी पुरते. तेच काम हवेकडून करून घ्यायचे तर मिनिटाला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या नळीतले पाणी जे करते, त्यासाठी हवेला मोठे पंखे आणि बराच आवाज करावा लागतो.

संगणकातील रचना वाहनासारखीच असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवतात. पंप त्यांतून पाणी फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून जाते, पंखे त्या पात्यांतून हवा ढकलतात आणि निवलेले पाणी पुन्हा ठोकळ्याकडे येते. कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, यावर हौशी लोक बरीच चर्चा करतात. प्रत्यक्षात पाणी वेगाने फिरत असते, त्यामुळे क्रमाने फारसा फरक पडत नाही. पंपाला कोरडे चालावे लागू नये म्हणून पाण्याची टाकी पंपाच्या आधी हवी, एवढे पथ्य पाळायचे.

माठासारखे नाही

या पद्धतीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे पाण्यामुळे संगणक ‘थंडगार’ होतो. माठातले पाणी खोलीपेक्षा थंड होते, कारण माठ पाझरतो आणि बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. संगणकाची रचना बंदिस्त असते. तिथे वाफ होत नाही. त्यामुळे फिरणारे पाणी खोलीतील हवेपेक्षा कधीच थंड होऊ शकत नाही. ते हवेपेक्षा किती कमी तापेल, एवढेच रेडिएटर आणि पंखे ठरवतात.

कर्जतच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. परदेशी व्हिडिओंमध्ये दाखवलेले आकडे बहुधा २० ते २२ अंशांच्या खोलीतले असतात. समुद्राच्या वाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कुशीत असलेल्या या पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. खोली ३८ अंशांवर असेल आणि पाणी हवेपेक्षा १२ अंशांनी तापत असेल, तर ते ५० अंशांवर पोहोचते. अशा संगणकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पंपांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. काही प्रकारच्या कडक प्लॅस्टिक नळ्याही तेवढ्या तापमानाला मऊ पडू लागतात आणि जोडातून गळती सुरू होऊ शकते. जानेवारीतल्या पहाटे उत्तम चालणारा संगणक मे महिन्याच्या दुपारी का अडखळतो, त्याचे उत्तर इथे आहे.

म्हणून आखणी वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसासाठी करायची. आधी उष्णतेचा हिशेब मांडावा. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची कमाल वीज ५७५ वॅट सांगितली जाते. रायझेन ९ ९९५०एक्स प्रोसेसरचा अधिकृत आकडा १७० वॅट आहे. गेम खेळताना प्रोसेसर सहसा पूर्ण ताकदीने चालत नाही, तरी पाण्यात ७०० वॅट उष्णता उतरेल असे धरून चालावे. ढोबळ अंदाज म्हणून १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे १०० वॅट धरतात. म्हणजे सात पंखे आले. ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर घेतले तर सहाच पंख्यांची जागा मिळते. तीन घेतले तर नऊ पंख्यांची मिळते, पंखे हळू फिरवता येतात आणि उन्हाळ्यासाठी काही हातचे राखलेले राहते. एवढे रेडिएटर मावतील आणि त्यांना बाहेरची हवा थेट मिळेल, असे कॅबिनेट त्यानंतर निवडावे. आधी आवडलेले कॅबिनेट घेऊन मग त्यात रेडिएटर कोंबले, तर घाटातल्या ट्रकसारखीच गत होते.

उष्णता जाते कुठे?

पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ती कॅबिनेटमधून काढून खोलीत सोडते. बाकीचे भाग धरून असा संगणक खेळताना सुमारे ८५० वॅट वीज घेतो आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे संगणक सुरू असताना खोलीत आठ जादा माणसे बसल्यासारखे होते. दहा बाय बारा फुटांची खोली दारे-खिडक्या लावून बंद केली आणि भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही असे मानले, तर हवा मिनिटाला एक अंशाहून जास्त वेगाने तापेल. भिंती आणि सामान बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात वेग खूप कमी असतो, पण दोन-तीन तासांनी तापलेल्या भिंती रात्रभर ती परत देत राहतात.

इथे प्रश्न आरोग्याचा होतो. शरीर घाम वाळवून निवते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. अनेक घरांत संगणकाची खोली आणि झोपण्याची खोली एकच असते. कधी शेजारच्या पलंगावर आजी-आजोबा झोपलेले असतात. वयस्कर माणसांना तहान उशिरा जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होऊ शकते. अशा खोलीत डोके दुखणे, चक्कर येणे, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसली तर त्या व्यक्तीला आधी हवेशीर जागी हलवून पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

उपाय महागडे नाहीत. संगणक खिडकीजवळ ठेवावा, समोरच्या बाजूने हवा आत येऊ द्यावी आणि वर एक्झॉस्ट पंखा लावावा. वातानुकूलन असेल तर एक टन यंत्र साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढते, म्हणजे त्यातला पाव हिस्सा एकटा संगणक खातो, हे धरून यंत्राची क्षमता ठरवावी. दुपारऐवजी उशिरा संध्याकाळी खेळणे हा बिनखर्चाचा उपाय. आवाजाचेही भान हवे. झोपण्याच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मोठे रेडिएटर आणि हळू फिरणारे पंखे यांचा खरा फायदा इथे मिळतो.

पावसाळा आणि दव

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात दुसरी भीती असते दमटपणाची. गार पाण्याचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून ओला होतो, तसा संगणकही ओला होईल का? नेहमीच्या रचनेत तसे होत नाही, कारण पाणी खोलीच्या हवेपेक्षा गरमच असते. मात्र बर्फ टाकून किंवा चिलर जोडून पाणी मुद्दाम थंड केले तर धोका खरा आहे. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. तेव्हा असे प्रयोग इथे टाळावेत. वातानुकूलित खोलीत गार झालेला संगणक बंद असताना खिडक्या उघडल्या, तर तो लगेच सुरू न करता थोडा वेळ जाऊ द्यावा.

कोणते पाणी, कोणता धातू

विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी यात कधीही भरू नये. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ठोकळ्यातील केसाएवढ्या फटींत बसतात. घरच्या आरओ यंत्रातले पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसते. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारे द्रव्य, किंवा तयार कूलंट वापरावे. शुद्ध पाणी वीज वाहत नाही हे खरे. पण फिरता फिरता ते धातूंचे आयन उचलते आणि काही आठवड्यांनी वाहू लागते. ‘वीज न वाहणारे’ असे लिहिलेल्या बाटलीवर म्हणून विसंबू नये.

तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात. त्यांच्या जोडीला ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की पाण्यातून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. स्वस्त रेडिएटर घेताना धातू विचारून घ्यावा.

बऱ्याच कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक असते. त्याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. उरलेले कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, मुले आणि पाळीव जनावरांपासून दूर ठेवावे आणि विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

वायरमनला आधी बोलवा

पाणी आणि वीज शेजारी असताना अर्थिंग ही चैनीची गोष्ट नसते. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. ती तपासून घ्यावी, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा आणि संगणकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा. वादळी पावसात लाइट जाणे-येणे नेहमीचे. घरातला पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर हा भार पेलणार नाही. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देणारा, योग्य क्षमतेचा यूपीएस घ्यावा. ग्राफिक्स कार्डाचा वीजजोड पूर्ण आत बसला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. अर्धवट बसलेले जोड तापून वितळल्याच्या घटना २०२२ पासून जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

जुळवणी झाल्यावर लगेच संगणक सुरू करू नये. आधी नळ्यांत हवेचा दाब भरून तो टिकतो का ते पाहावे. मग पाणी भरून फक्त पंप चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास, शक्यतो दिवसभर, लक्ष ठेवावे. सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी असावी, नाहीतर पुढे प्रत्येक दुरुस्तीला कॅबिनेट उलटे करावे लागते. गळती दिसली तर कॅबिनेटला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे.

देखभालही हिशेबात धरावी. उन्हाळ्याची धूळ पात्यांत अडकते. ती दर महिन्याला झटकावी. पाणी वर्षातून एकदा तरी बदलावे आणि त्यासाठी मार्चची अखेर योग्य, म्हणजे उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी सगळे स्वच्छ असते. मूळ पंखे काढून पाण्याचा ठोकळा बसवला तर ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

एवढी उठाठेव प्रत्येकाला गरजेची आहेच असे नाही. मध्यम ताकदीच्या संगणकाला चांगला हवेचा कूलर किंवा कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेला कूलर पुरतो आणि वाचलेल्या पैशांत खोलीचे वायुवीजन व वायरिंग सुधारता येते. ज्यांना जुळवणीतच आनंद आहे त्यांनी ती जरूर करावी. मात्र पहिली खरेदी एका साध्या तापमापकाची असावी. तो खोलीत लावून मे महिन्यातल्या दुपारचे आकडे आठवडाभर लिहून ठेवले, की किती रेडिएटर लागतील आणि त्या खोलीत रात्री कोणी झोपावे की नाही, हे दोन्ही ठरवता येईल.