होंजोच्या कालव्यातला आवाज

एदो काळात होंजोच्या कालव्यावर गळ टाकून बसणाऱ्याला मासे हमखास मिळायचे. गडबड व्हायची ती परतताना. अंधार पडला, माणूस टोपली उचलून घराकडे निघाला की मागून पाण्यातून आवाज यायचा, 'ठेवून जा... ठेवून जा.' घाबरून टोपली टाकून पळाला तो सुटला. जो तसाच चालत राहिला त्याची टोपली घरी पोचेपर्यंत रिकामी झालेली असायची, आणि काही कथांमध्ये तर तो माणूसच घरी पोचत नाही. जपानी लोक या जागेला 'ओइतेकेबोरी' म्हणतात. टोकियोत सुमिदा नदीच्या पूर्वेला आज जो सुमिदा वॉर्ड आहे, त्याचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे जुनं होंजो. तिथल्या अशा अद्भुत गोष्टींना 'होंजोची सात रहस्यं' म्हणतात. प्रत्यक्षात मोजायला गेलं तर त्या नऊ भरतात, कारण सांगणाऱ्यागणिक यादी थोडी बदलते.

मार्च २०२३मध्ये स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने या गोष्टींवर बेतलेला एक गेम बाजारात आणला: 'पॅरानॉर्मासाइट: द सेव्हन मिस्टरीज ऑफ होंजो'. पटकथा आणि दिग्दर्शन ताकानारी इशियामा यांचं. मोबाइल फोनवर साध्या चित्रांचे गेम चालायचे त्या काळापासून ते गुप्तहेरकथांचे गेम लिहीत आले आहेत. पात्रांची चित्रं गेन कोबायाशी यांची, संगीत हिदेनोरी इवासाकी यांचं. गेम म्हटल्यावर धावाधाव आणि गोळीबार डोळ्यांपुढे येत असेल, तर तसलं इथे काही नाही. हा 'व्हिज्युअल नॉव्हेल' आहे. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, पाठीमागे आवाज. आपण वाचत जायचं, काही ठिकाणी काय करायचं ते ठरवायचं, आणि कथा त्याप्रमाणे वळण घेते. धारप-मतकरींच्या भयकथा रात्री जागून वाचलेल्या माणसाला हा प्रकार परका वाटणार नाही.

कथा घडते १९८०च्या दशकात, शोवा काळाच्या अखेरीस. शोगो ओकिइए हा साबणाच्या कंपनीतला साधा नोकरदार. योको फुकुनागा या मैत्रिणीबरोबर तो रात्री किन्शिबोरी बागेत येतो. योकोला गूढ गोष्टींचं भारी वेड. या सात रहस्यांच्या मागे मेलेल्या माणसाला परत आणणारी एक विद्या दडलेली आहे, असं तिने कुठून तरी ऐकलेलं असतं. काही वेळातच योको मरून पडलेली दिसते आणि शोगोच्या हातात एक शापाचा खडा असतो. त्या रात्री होंजोत असे खडे आणखीही काही जणांच्या हाती लागलेले आहेत. प्रत्येक खडा एकेका रहस्याशी जोडलेला, आणि प्रत्येकाचा मारण्याचा नियम वेगळा.

शोगोच्या वाट्याला ओइतेकेबोरी येते. त्याच्यासमोरून जो निघून जायला लागेल, तो मरेल. इतकंच. हा नियम कळल्यावर बागेतल्या रात्रीचा सगळा रंग पालटतो. कोणी अनोळखी माणूस भेटतो, दोन शब्द बोलतो, 'बरं, येतो मी' म्हणून वळतो, आणि गेम आपल्याला विचारतो की शाप वापरायचा का. समोरच्याला घालवून देणं हेच त्याला मारणं. मग बोलण्यातला प्रत्येक शब्द तोलावा लागतो. याच्याशी गोड बोलू की याला वैताग आणू? त्याच वेळी हेही ध्यानात येतं की समोरच्याच्या खिशातही खडा असू शकतो आणि त्याचा नियम आपल्याला ठाऊक नाही. कदाचित आपण काहीतरी बोललो किंवा एखादी वस्तू पेटवली, तर आपलाच शेवट व्हायचा. एवढं भय मी फार थोड्या कादंबऱ्यांत अनुभवलं आहे, आणि ते रक्ताशिवाय, किंकाळीशिवाय, नुसत्या संभाषणातून उभं राहतं.

जपानी भयकथेत शाप हा बहुतेकदा नियमच असतो. कोजी सुझुकी यांची 'रिंग' ही कादंबरी १९९१मधली, त्यावरचा गाजलेला चित्रपट १९९८मधला. त्यात एक चित्रफीत पाहिली की सात दिवसांत मरण. शाप देणाऱ्याशी वाद घालता येत नाही, नियम मात्र शोधून काढता येतो. ही परंपरा जुनीच आहे. इसवी सन ९०३मध्ये हद्दपारीत मरण पावलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वान दरबाऱ्याच्या कोपामुळे राजधानीवर संकटं आली, अशी लोकांची ठाम समजूत झाली. त्याला देव मानून देवळं बांधल्यावरच त्यांच्या जिवात जीव आला. अन्याय होऊन मेलेल्याचा राग उरतो, त्याला काहीतरी द्यावं लागतं, हा विचार तिथे खोल रुजलेला आहे.

इशियामा यांनी या परंपरेत एक पाऊल पुढे टाकलं आहे आणि माझ्या मते या गेमचं खरं मोठेपण तिथेच आहे. त्यांच्या कथेत शाप मेलेल्यांकडून येतो खरा, पण तो वापरायचा की नाही हे जिवंत माणसाच्या हाती आहे. शापाने माणसं मारली की खड्यात त्यांच्या आत्म्याचा गाळ साठत जातो. पुरेसा साठला की एका मेलेल्या माणसाला परत आणता येतं, आणि खडा बाळगणाऱ्याला मारलं तर गाळ कितीतरी जास्त साठतो. आता हे खडे कोणाकडे आहेत ते पाहा. हारुए शिगिमा या बाईंचा लहान मुलगा अपहरण करून मारला गेला आहे. याक्को साकाझाकी या शाळकरी मुलीची जिवलग मैत्रीण शाळेच्या गच्चीवरून पडून गेली आहे. तेत्सुओ त्सुत्सुमी हा मुरलेला पोलीस अधिकारी आहे. यांच्यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. सापडतात ती जवळचं कोणीतरी गेलेली माणसं. मूल गमावलेल्या आईच्या हातात असं हत्यार दिलं तर ती काय करेल, हा प्रश्न लेखक तिच्यावर सोडत नाही. निवड आपण करायची असते. बोट आपलं असतं.

या सगळ्यावर एक निवेदक देखरेख करतो. जुन्या टीव्हीजवळचा मुखवट्यातला हा वाटाड्या थेट खेळणाऱ्याशी बोलतो. पात्रांना जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे, हे तो पुन्हा पुन्हा जाणवून देतो. एका पात्राच्या कथेत कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या कथेत कामी येते. एकाची वाट अडली तर नकाशावर मागे जाऊन दुसऱ्याची वाट आधी चालावी लागते. एक कोडं तर असं आहे की त्याचं उत्तर कथेत शोधून मिळत नाही. शाप ऐकण्याशी जोडलेला आहे, आणि जगायचं असेल तर खेळणाऱ्याने गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आवाज बंद करायचा. हे मी इथे फोडलं याबद्दल कोणी रागावेल, पण पुस्तक किंवा चित्रपट जे करू शकत नाही ते हा प्रकार कसं करतो, हे याहून नेमकं दाखवता येणार नाही.

दृश्यांची रचनाही अशीच अंगावर येणारी. पार्श्वभूमीची चित्रं सगळीकडे फिरवून पाहता येतात, कारण ती सुमिदा वॉर्डातल्या खऱ्या जागांच्या चौफेर छायाचित्रांवरून तयार केली आहेत. बागेत उभं राहून समोरच्याशी बोलत असताना मध्येच मागे वळून पाहता येतं. मागे बहुतेक वेळा काहीच नसतं. पण वळायचा धीर होत नाही.

आता होंजोबद्दल थोडं सविस्तर, कारण ही भीती आकाशातून पडलेली नाही. १६५७मध्ये एदो शहराला, म्हणजे जुन्या टोकियोला, मेइरेकीची भीषण आग लागली. मृतांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा एक लाखाच्या घरात आहे. सुमिदा नदीवर त्या भागात पूल नव्हता, त्यामुळे नदीकाठी अडकून असंख्य माणसं मेली. त्यांच्यासाठी पलीकडच्या काठावर एकोइन हे मंदिर उभं राहिलं. नंतर पूल झाला आणि शहर नदी ओलांडून होंजोच्या दलदलीत पसरलं. कालवे खणून पाणी काढलं, मातीचा भराव घातला, सामुराईंचे वाडे उठले. म्हणजे ही वस्ती मृतांच्या शेजारीच वसली. लांबच लांब भिंती, बोरूने भरलेले कालवे, रात्री मिट्ट काळोख आणि दूरवर जाणारे आवाज. कथांना यापेक्षा सुपीक जमीन कुठली?

आणि त्या कथा खरोखर देखण्या आहेत. रात्री वाटेत पुढे एक कंदील हलताना दिसतो, जवळ जावं तर विझतो, पुन्हा पुढे पेटतो. आपल्या कोकणातला चकवा असाच माणसाला फिरवत नेतो. एका सामुराईच्या वाड्यात मध्यरात्री छत फोडून रक्ताने माखलेला प्रचंड केसाळ पाय खाली येतो आणि 'धुवा' म्हणून गरजतो. धुतला की शांतपणे वर जातो, नाही धुतला तर घर तुडवून काढतो. कालव्याकाठी एक सोबा नूडल्सची गाडी असते, तिच्यावरचा दिवा कायम विझलेला आणि मालक कधीच दिसत नाही. कोणी तो दिवा लावला की त्याच्या घरावर संकट कोसळतं. सगळ्यांत क्रूर कथा बोरूची. ओकोमा नावाच्या मुलीने एका गुंडाला नकार दिला. त्याने तिचा एक हात आणि एक पाय तोडून तिला पाण्यात फेकलं. तेव्हापासून तिथल्या बोरूला एकाच बाजूला पानं येतात. नकार दिलेल्या मुलीवरच्या अत्याचाराची आठवण लोकांनी रोपट्याच्या पानांत जपून ठेवली आहे, आणि ती वाचताना आजही घशात आवंढा येतो.

माणसांनी या गोष्टींचा शोधही घेतला. मात्सुरा सेइझान हे माजी सरदार होंजोत राहायचे. रात्री कुठून तरी उत्सवाचे ढोल ऐकू येतात म्हणून त्यांनी माणसं पाठवून त्या आवाजाचा माग काढायचा प्रयत्न केला. आवाज एका जागी हरवला आणि उगम सापडला नाही. हे त्यांनी आपल्या 'काश्शी यावा' या प्रचंड टिपणसंग्रहात नोंदवून ठेवलं आहे. १८८६मध्ये तिसऱ्या उतागावा कुनितेरूंनी या रहस्यांची लाकडी ठशांची चित्रमालिका काढली.

होंजोच्या नशिबी मरण पुन्हा पुन्हा आलं. १९२३च्या भूकंपात लष्करी कपड्यांच्या कोठाराच्या मोकळ्या जागेवर आसरा घेतलेले सुमारे अडतीस हजार लोक आगीच्या वावटळीत जळून मेले. १० मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात हा भाग पुन्हा बेचिराख झाला. १९४७मध्ये होंजो आणि मुकोजिमा हे दोन वॉर्ड एकत्र करून सुमिदा वॉर्ड बनला. मेलेल्यांना परत आणण्याची कथा या मातीत घडावी, यात मला मोठं औचित्य दिसतं.

'व्हिज्युअल नॉव्हेल' या लेखनप्रकाराची वंशावळ थोडक्यात सांगायची तर तिची सुरुवातही भयकथेनेच झाली. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे प्रोग्रामर कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्ट कंपनीने १९९२मध्ये 'ओतोगिरिसो' आणि १९९४मध्ये 'कामाइताची नो योरू' हे गेम काढले. २००२मध्ये र्‍यूकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाने हौशी निर्मात्यांच्या कॉमिकेट मेळाव्यात 'हिगुराशी' विकायला ठेवला. एका खेड्यातला देवाचा शाप, दरवर्षीच्या उत्सवाच्या रात्री एक मृत्यू आणि एक माणूस गायब, असं त्याचं सूत्र. त्यात निवडीला जागाच नाही, फक्त वाचायचं. तरी देशभर वाचक तर्क लढवत बसले.

'पॅरानॉर्मासाइट' स्विच, संगणक, आयफोन आणि अँड्रॉइड फोनवर मिळतो. मजकूर इंग्रजीतही आहे, आणि सलग वाचलं तर दहा-बारा तासांत संपतो. खून, अपहरण आणि आत्महत्येचे संदर्भ आहेत, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत एखादी रात्र मोकळी असेल तर कानांना हेडफोन लावून सुरू करा, आणि उत्तरं इंटरनेटवर शोधू नका. पुढे कधी टोकियोला जाणं झालं तर किन्शिचो स्टेशनला उतरा. किन्शिबोरी बाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ओइतेकेबोरीच्या कथेतल्या जलराक्षसाचा, काप्पाचा, छोटा पुतळा तिथे पाहायला मिळतो.