त्वचेची तटबंदी

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. ऊस तोडताना दिवसभर कमरेतून वाकावे लागते व जड मोळ्या डोक्यावरून वाहाव्या लागतात. साहजिकच कंबर आणि गुडघे दुखू लागतात. खाडा केला तर मजुरी बुडते. म्हणून रात्री कोपीत कमरेला मलम चोळावयाचे आणि पहाटे पुन्हा फडात उतरावयाचे, हा अनेकांचा नित्यक्रम होतो. हे मलम त्वचेतून आत जाते तरी कसे?

प्रथम वेदनेचे कारण पाहू. शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली, की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे तो भाग सुजतो, मज्जातंतू हळवे होतात आणि ठणका लागतो. अ‍ॅस्पिरिनसारखी दाहशामक औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करीत असतात. म्हणून अशा गोळ्या वारंवार घेतल्यास कंबर थांबते, पण पोट बिघडते. औषध दुखऱ्या जागीच त्वचेतून पोचवावे, हा विचार त्यातूनच पुढे आला.

पण त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. जुन्या किल्ल्याच्या तटात चिऱ्यावर चिरा रचून सांधे चुन्याने भरलेले असतात. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातही चपट्या, मृत पेशी एकमेकींवर रचलेल्या असून त्यांच्या मधील फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. हा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जाड नसतो. तरीही केवळ पाण्यात विरघळणारे द्रव्य त्यातून सहसा पार होत नाही. उलट, केवळ तेलात विरघळणारे द्रव्य त्या थरातच अडकून राहते, कारण त्याखालील पेशी जलमय असतात. ज्याचा रेणू लहान आहे आणि ज्याचे तेलाशी व पाण्याशी दोहोंशीही जमते, त्यालाच येथे वाट मिळते.

डायक्लोफिनॅक हे असे एक औषध आहे. मुळात ते एक आम्ल असून पाण्यात फारसे विरघळत नाही. डायएथिलअमाइन या अल्कधर्मी द्रव्याशी संयोग होऊन त्याचा जो क्षार बनतो, तो पाण्याशी आणि स्निग्धाशी दोहोंशीही जुळवून घेतो. मलमातील अल्कोहोल उडून गेले, की त्वचेवर औषधाची तीव्रता वाढते व ते हळूहळू आत झिरपते. गोळीच्या तुलनेने रक्तात पोचणारा अंश फारच थोडा असतो. त्यामुळे जठराला धोकाही कमी.

मात्र फुटलेल्या कातडीवर असे मलम लावू नये, कारण तेथे तटालाच खिंडार पडलेले असते. मलम लावलेल्या जागी शेकूही नये. उष्णतेने औषध प्रमाणाबाहेर आत शिरते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेदना ही शरीराने दिलेली सूचना होय. मलम ती सूचना काही काळ मंद करते. डोक्यावरची मोळी मात्र त्याने हलकी होत नाही. त्यासाठी विश्रांतीच हवी, आणि ती प्रत्येक कोयत्याला मिळावी, हे पाहणे समाजाचे काम आहे.