जाम नदीच्या काठाने

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे शंभरेक किलोमीटरवर पांढुर्णा हे स्थानक लागते. बहुतेक प्रवासी खिडकीतून संत्र्यांच्या टोपल्या पाहतात आणि पुढे जातात. आम्हीही आजवर तसेच करीत आलो होतो. परंतु रेल्वेच्या नोकरीमुळे तेथे स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांनी फार आग्रह केला, म्हणून पोळ्याच्या सुमारास आम्ही उभयता दोन्ही मुलांसह तेथे चार दिवस राहून आलो. त्या सहलीची हकिकत वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी घराघरांत बोलली जाते ती मराठी. पूर्वी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा सारा व्यवहार तिकडेच चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एका राज्यात गेले व पांढुर्णा आणि सौंसर दुसऱ्या राज्यात राहिले. कचेरीत हिंदी आली, पण चुलीजवळची भाषा बदलली नाही. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

पोळ्याचा दिवस आनंदात गेला. शिंगे रंगविलेले, झुली पांघरलेले बैल तोरणाखाली उभे राहिले. घरोघर पुरणपोळी झाली. आमच्या धाकट्या मुलीने बैलाच्या कपाळाला भीतभीत हात लावला. आमच्या मुलाचे लक्ष मात्र दुसऱ्या दिवसाकडे लागले होते. पोळ्याच्या पाडव्याला येथे गोटमार होते, आणि शाळेतील मित्रांना ती सांगता यावी एवढ्यासाठीच तो आमच्याबरोबर आला होता, असे म्हटले तरी चालेल.

पांढुर्णा व सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. गोटमारीच्या सकाळी नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी ते निशाण काढून आणावयाचे व सावरगावकरांनी ते राखावयाचे. आणि दोन्ही बाजूंची शस्त्रे म्हणजे नदीतील गोटे. लोक सांगतात की, फार पूर्वी पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले. ती दोघे नदीच्या मध्यावर असताना दोन्ही तीरांवरून दगड सुरू झाले व ती तेथेच मरण पावली. त्यांच्या स्मरणार्थ हा खेळ चालतो आणि निशाण अखेरीस चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहतात. कथा खरी असो वा नसो, जखमा खऱ्या आहेत. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात व आजवर माणसे दगावलीही आहेत. २००१ च्या सुमारास सरकारी अधिकाऱ्यांनी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, परंतु लोकांनी चेंडू टाकून गोटेच हाती घेतले. आता पोलीस, डॉक्टर व रुग्णवाहिका नदीकाठी सज्ज ठेवून हा दिवस पार पाडतात.

आम्ही मुलाला घेऊन एका उंच जागी, बरेच दूर उभे राहिलो. पहिला अर्धा तास तो टाळ्या वाजवीत होता. एवढ्यात चौघे जण एका पोराला उचलून आमच्या अंगावरूनच घेऊन गेले. तो आमच्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठा असावा. कपाळावर धरलेला पंचा लाल झाला होता. आमचा मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने हळूच आमचा हात धरला व म्हणाला, “घरी जाऊ या.”

घराच्या मालकीणबाई, ज्यांना सर्वजण आजी म्हणतात, त्या दारे-खिडक्या लावून आत बसल्या होत्या. चूल थंड होती. “आजी, तुम्ही पाहायला जात नाही?” असे मुलाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाप्पा, माह्यं माहेर तिकडचं, सावरगावचं. इकडून माहा पोरगा मारते, तिकडून माह्या भावाचे पोरं मारते. मी कोनाच्या नावानं देवाले हात जोडू? पोरगा घरी आला म्हंजे चूल पेटवतो.”

दिवेलागणीला त्यांचा मुलगा परत आला. खांद्याला सूज होती, पण तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. आजींनी त्याला एक शब्दही विचारला नाही. उठून चूल पेटविली. त्या रात्री आम्ही माळेची प्रार्थना केली, तेव्हा आमच्या मुलाने आपण होऊन दोन्ही गावांतील जखमींसाठी एक दशक म्हटले. दगड हाती घेऊन उभ्या राहिलेल्या जमावाची शुभवर्तमानातील कथा त्याला ठाऊक होतीच. तिच्यावर निराळे प्रवचन करण्याची आम्हांस गरज भासली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारीने पूर्वेकडे सौंसरला निघालो. रस्त्याच्या दोहों बाजूंना संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते. या दिवसांत झाडांवर हिरवी फळे लगडलेली असतात. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे पिकतात व मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. फळे खाण्यासाठी यावयाचे असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. जाम नदीही याच दिशेने वाहते.

सौंसरजवळ जामसावळी येथे हनुमानाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. पिंपळाच्या झाडाखाली निजलेल्या स्थितीतील ही मूर्ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. त्यांत दुखणाईतांना, विशेषतः मनाच्या व्याधीने पीडलेल्यांना घेऊन आलेली कुटुंबे पुष्कळ असतात. २०२३ साली तेथे हनुमान लोक या मोठ्या बांधकामाचे भूमिपूजन झाले. आम्ही बाहेर बसलो असता एक म्हातारा आपल्या तरुण मुलीला, ती पुन्हा पुन्हा उठून जात असताही, न रागावता घास भरवीत होता. श्रद्धा वेगळी असली तरी बापाचे काळीज ओळखावयास वेळ लागत नाही. आमच्या मुलाने विचारले, “काल पाहिली तीच ना ही जाम नदी?” होय, तीच. येथून ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला.

सौंसर हे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना परिचित आहे, हे ऐकून सौंसरच्याच काही लोकांना आश्चर्य वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी फर्मर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने येथील मँगनीजच्या खाणींचा अभ्यास केला व १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या परिसरातील अतिप्राचीन खडकांच्या समूहाला शास्त्रात सौंसरचेच नाव आहे, आणि मँगनीजयुक्त एका खडकाला फर्मरने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. पांढुर्ण्याकडचा काळा पाषाण निराळा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच सख्खा भाऊ.

सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना मागे टाकले की सिल्लेवानीचा घाट लागतो. पावसाळ्यात सागाची राने हिरवीगार होतात व वळणावळणावर खाली दरी दिसते. पूर्वी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मार्गाची लहानशी आगगाडी या डोंगरांतून धापा टाकीत चढत असे. ती २०१५ साली बंद झाली व तिच्या जागी आता रुंद मार्ग झाला आहे.

शेवटचा दिवस देवगडासाठी राखून ठेवला होता. हा गोंड राजांचा किल्ला छिंदवाड्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, मोहखेडच्या बाजूस, रानात उभा आहे. अकबराच्या काळी येथे जाटबा राजा राज्य करीत होता. त्याचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसविले. पुढे राजधानी तिकडे गेली, राज्य भोसल्यांच्या हाती आले आणि देवगड ओस पडला. आज पडका नगारखाना, मोती टाके हा तलाव आणि तटाच्या भिंती एवढेच शिल्लक आहे. पण खालच्या गावाच्या परिसरात पाहण्यासारख्या आहेत त्या दगडी बावड्या. आठशे विहिरी व नऊशे बावड्या होत्या, असे लोक सांगतात. अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामातून पुष्कळ बावड्यांतील गाळ काढून त्या दुरुस्त केल्या गेल्या, व त्यांत पुन्हा पाणी साठू लागले आहे.

एका बावडीच्या पायरीवर बसून आम्ही शिदोरी सोडली. मुलाने चिऱ्यावर हात फिरविला. एवढे मोठे दगड कोणी आणले असतील, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो की, याच मुलखातील माणसांनी, तहानलेल्यांसाठी.

या भागात अवश्य जावे. पावसाळा सरताना घाट व देवगड पाहावा, हिवाळ्यात संत्र्यांच्या बागा पाहाव्यात. गोटमारीच्या दिवशी मात्र मुलांना नदीकाठी नेऊ नये, असे आम्हांस वाटते. आम्ही नेले, ही आमची चूक झाली. पाहणारे दाटी करतात, म्हणून मारणाऱ्यांनाही चेव येतो, आणि आपण त्या दाटीत एकाने भर का घालावी?

निघताना आजी स्थानकापर्यंत आल्या. त्यांनी मुलांच्या हातावर घरच्या पुरणपोळ्या ठेवल्या व म्हणाल्या, “आता संत्र्याच्या दिवसांत या. तवा मी खिडक्या उघड्या ठेवतो.”