धोक्याची घंटा नेमकी कधी वाजवायची?

समजा, तुमच्या संस्थेच्या नेटवर्कवर स्विचचे २०० पोर्ट आहेत. प्रत्येक पोर्टवर किती पॅकेट खराब आली, हे दर ५ मिनिटांनी नोंदलं जातं. किती चुका झाल्या की अलार्म वाजावा? ही जी मर्यादा, तोच थ्रेशोल्ड. बरेच जण ‘सरासरी अधिक ३ प्रमाण विचलन’ असं लिहून मोकळे होतात. तुम्ही तसं करण्याआधी थोडा हिशेब करून बघा.

एका पोर्टच्या दिवसाला २८८ नोंदी, म्हणजे २०० पोर्टच्या ५७,६००. आकडे नॉर्मल वितरणात बसतात असं धरलं, तर एखादी नोंद या मर्यादेच्या वर जाण्याची शक्यता साधारण ०.१३५ टक्के. म्हणजे सगळं ठणठणीत असतानाही रोज सुमारे ७८ अलार्म! थोड्याच दिवसांत माणूस ते बघणं सोडून देतो, आणि खरंच एखादी केबल खराब होते तेव्हा तिचा अलार्मही त्याच ढिगात जातो. स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींबद्दल हाच मुद्दा मांडला होता: घटना जितकी दुर्मिळ, तितका खोट्या अलार्मचा दर कमी असायला हवा.

शिवाय चुकांचे आकडे नॉर्मल वितरणात बसतच नाहीत. बहुतेक नोंदी शून्य असतात आणि मग एकदम चुकांचा लोंढा येतो.

मग करायचं काय?

१. दर काढा. स्विचचा काउंटर वाढतच जातो, म्हणून दोन नोंदींमधला फरक घ्या आणि त्या वेळात आलेल्या एकूण पॅकेटनी भागा. ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४२९ कोटींनंतर पुन्हा शून्यावर येतो. तिथे फरक उणे आला तर दचकू नका, तो दुरुस्त करून घ्या.

२. उलट्या बाजूने सुरुवात करा. तुमचा माणूस दिवसाला किती अलार्म नीट तपासू शकतो? समजा ५. मग नेटवर्क सुरळीत असतानाच्या काही आठवड्यांच्या नोंदी घ्या आणि दिवसाला सरासरी ५ नोंदीच वर जातील अशी मर्यादा शोधा. इथे कुठलंही वितरण गृहीत धरावं लागत नाही.

३. दोन मर्यादा ठेवा. आकडा वरची मर्यादा ओलांडेल तेव्हा अलार्म वाजेल. तो खालच्या मर्यादेखाली आल्याशिवाय पुन्हा वाजणार नाही. आरमॉन या मानकात हीच सोय आहे. आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळत राहिला की सारखी होणारी टणटण यामुळे थांबते.

प्रबंधात एक पथ्य मात्र पाळा: ज्या डेटावर थ्रेशोल्ड ठरवला, त्याच डेटावर त्याची परीक्षा घेऊ नका. आधीच्या आठवड्यांवर ठरवा, नंतरच्या आठवड्यांवर तपासा. आणि निकालात खोटे अलार्म किती वाजले, याच्या शेजारीच खरे बिघाड किती निसटले, तेही लिहा.