चांदीच्या ताटाचा मान

मराठी मध्यमवर्गीय घरात चांदीचं ताट रोजच्या जेवणासाठी नसतं. एरवी ते मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेलं असतं. ते बाहेर निघालं की आज घरात कोणाचा मान आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

उष्टावणाला हा मान बाळाचा. खिरीचं पहिलं बोट ज्या वाटीतून चाटवायचं, ती चांदीची वाटी बहुधा आजोळहून येते. अधिक मासात मान जावयाचा. त्याला ३३ अनारसे, दिवा आणि ऐपतीप्रमाणे चांदीचं निरांजन किंवा ताट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींपुढे करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी फिरते.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तर ही हौस थेट रुळांवर चढवली. जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी फिरायची. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणाऱ्या तिच्या सात डब्यांवर इंग्रजीत घराण्याच्या नावाची सात अक्षरं होती. आगगाड्यांचं वेड माधवराव महाराजांचं!

साध्या घरात नाव कोरलं जातं ते भांड्याच्या बुडाशी. तांब्या उलटा केला की बारीक ठिपक्यांत देणाऱ्याचं नाव आणि तारीख सापडते. आहेर कोणी केला, हे वहीपेक्षा या ठिपक्यांत जास्त टिकतं. परतीचा आहेर किती वजनाचा करायचा, तेही त्यावरूनच ठरतं. रुखवतात मांडलेली हीच भांडी अडचणीच्या वेळी सराफाकडे जातात. मग नाव कोणाचं का असेना, तराजूवर उरतं ते फक्त वजन.

तेही पूर्ण नाही. शुद्ध चांदी मऊ, म्हणून तिच्यात बहुधा तांबं मिसळतात. ९२५ शिक्क्याच्या चांदीत हजार भागांत ७५ भाग दुसरा धातू असतो. गुलाबदाणीचं पोट, मान आणि जाळीदार बोंड वेगवेगळं घडवून डाग देऊन जोडतात. डागाचा धातू हलका, त्यामुळे मोडताना घट धरली जाते. मजुरी तर परत मिळतच नाही.

‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्ताचं ते मिश्रण. तेव्हा आहेर घेताना हॉलमार्कचा आकडा पाहावा, भांडं समोर तोलून घ्यावं आणि पावतीवर चांदीचं वजन, शुद्धता व मजुरी वेगवेगळी लिहून मागावी.