एलएसडी शोधायचं कुठे?

गोव्यात एखाद्या पार्टीवर छापा पडला की एलएसडीच्या कागदी तुकड्यांची बातमी येते आणि पाठोपाठ हमखास प्रश्न येतो: लघवी तपासली की कळेलच ना? नेहमीच्या तपासणीत नाही कळत.

मुळात मात्राच चिमूटभरही नसते. 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही हलकी. आपल्या कायद्यात 'व्यापारी प्रमाणा'ची हद्द गांजासाठी 20 किलो आहे, एलएसडीसाठी अवघी 0.1 ग्रॅम!

19 एप्रिल 1943 रोजी बाझलच्या सँडोझ कंपनीत रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी प्रयोग म्हणून 250 मायक्रोग्रॅम एलएसडी घेतलं आणि तासाभरात त्यांना धड बोलता येईना. सायकलवरून त्यांना घरापर्यंत सोबत केली ती सुझी रामश्टाइन या तरुण सहायिकेनं. हा दिवस आज 'सायकल दिन' म्हणून साजरा होतो, पण त्यात सुझीचं नाव क्वचितच निघतं. वाटभर भानावर होती ती एकटीच, आणि त्याच वर्षी तिनं स्वतःवरही हा प्रयोग करून घेतला. त्या दिवसाच्या मानाचा निम्मा वाटा तिचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. घरी हॉफमनना दूध आणून देणारी शेजारीण चेटकीण दिसत होती. आपण मरतोय असं वाटत होतं. डॉक्टरांना मात्र नाडी, श्वास, रक्तदाब सगळं ठीक आढळलं. विस्फारलेल्या बाहुल्या, बस्स.

रक्तातलं एलएसडी साधारण साडेतीन तासांत निम्म्यावर येतं, अंमल मात्र आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त टिकतो. हे कसं? अमेरिकेत ब्रायन रॉथ यांच्या गटानं 2017 मध्ये याचं सुरेख उत्तर दिलं. रेणू सेरोटोनिनच्या ग्राहीत शिरला की ग्राहीचाच एक पदर झाकणासारखा वर येतो आणि रेणू आत अडकून पडतो.

शरीरातलं बाकीचं एलएसडी यकृत निपटतं. लघवीत मूळ रूपात उतरतं ते जेमतेम एक टक्का. म्हणून जाणकार प्रयोगशाळा त्याचं यकृतात बदललेलं रूप, ऑक्सो-हायड्रॉक्सी-एलएसडी, शोधते. ते मूळ रेणूच्या कितीतरी पट असतं आणि दोन-चार दिवस सापडू शकतं. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. नोकरीच्या वेळी वापरतात त्या पाच पदार्थांच्या पट्टीत एलएसडी नसतंच. नमुना उजेडात राहिला तरी रेणू मोडतो, म्हणून बाटली झाकून ठेवायला हवी. हे सगळं जमून अहवाल पॉझिटिव्ह आला, तरी त्यातून गेल्या काही दिवसांत पदार्थ शरीरात गेला एवढंच कळतं. अमुक रात्री अमुक वाजता तो माणूस अमलाखाली होता की नाही, हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.